हॉपर बनवून घेण्यापूर्वी : सुट्या मालाचा स्वभाव आणि साठवणपात्राची रचना

पीठ, साखर, हळदपूड, बेसन, मीठ, सिमेंट, चुना, राख, बगॅस, खडी यांसारखा जो माल नगांवर मोजला न जाता वजनावर मोजला जातो आणि पोत्यातून ओतताच जमिनीवर रास करून राहतो, त्याला उद्योगक्षेत्रात ‘सुटा घन माल’ म्हटले जाते. हा माल पाण्यासारखा वाहतो अशी समजूत बहुतेक कारखान्यांत रूढ असून पत्र्याचे निमुळते पात्र केले, खाली भोक ठेवले आणि झडप उघडली की माल आपोआप खाली येईल, असे गृहीत धरूनच हॉपर व सायलो बनवून घेतले जातात. पाणी मात्र आपली पातळी समतल करते आणि रास ते करत नाही. पाण्याचा तळावरील दाब खोलीच्या प्रमाणात वाढत जातो आणि धान्याचा तसा वाढत नाही. शिवाय दाबून ठेवलेल्या पाण्याला बळकटी येत नाही, तर दाबलेल्या पिठाच्या मुठीचा लाडू होतो. सुट्या मालाच्या हाताळणीतील बहुतेक अडचणींचे मूळ या शेवटच्या गुणधर्मात, म्हणजे दाबाखाली बळकटी येण्यात, आहे.

कोणत्याही जुन्या कारखान्यातील हॉपरचा खालचा निमुळता भाग पाहिला, तर त्यावर हातोड्याचे वण दिसतात. माल अडकला की कामगार शिडी चढून पत्र्यावर घाव घालतो, माल कोसळतो, काम पुढे चालू होते, आणि कालांतराने ‘हॉपर ठोकणे’ हे पाळीच्या नेहमीच्या कामांतच मोडू लागते. वास्तविक प्रत्येक घावाने पत्रा आत दबून आतल्या बाजूला एक उंचवटा तयार होतो आणि त्या उंचवट्यावर माल अधिकच अडतो, त्यामुळे ठोकण्याची गरज वर्षागणिक वाढत जाते. हे वण कामगाराच्या हलगर्जीपणाची खूण नसून हॉपर बनवून घेताना मालाची चाचणी केली गेली नव्हती, याचा तो लेखी म्हणावा इतका स्पष्ट पुरावा आहे.

माल अडकण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि त्यांचे उपाय वेगळे असल्याने ते ओळखता आले पाहिजेत. पहिल्या प्रकारात तोंडाच्या वर मालाची कमान तयार होते. दगडी पुलाची कमान जशी स्वतःचे वजन दोन्ही बाजूंच्या खांबांवर टाकते, तशी ही कमान वरील मालाचा भार हॉपरच्या भिंतींवर टाकते आणि खालून काहीच बाहेर पडत नाही. दुसऱ्या प्रकारात तोंडाच्या अगदी वरचा माल निघून जातो, पण भोवतीचा माल जागचा हलत नाही, आणि उंदराच्या बिळासारखी एक उभी पोकळी वरपर्यंत तयार होते. सायलो वजनाने अर्धा भरलेला असतो, तरी खाली यंत्र रिकामे फिरत राहते. हे बीळ अचानक ढासळले की सिमेंट किंवा फ्लाय ॲशसारख्या बारीक भुकटीत हवा मिसळून ती खरोखरच पाण्यासारखी पातळ होते आणि रोटरी व्हॉल्व्हलाही न जुमानता बाहेर उसळते. म्हणजे एकाच हॉपरमध्ये सकाळी माल येत नाही आणि दुपारी तो आवरत नाही, या परस्परविरोधी वाटणाऱ्या तक्रारींचे कारण एकच असू शकते.

या विषयाचा शास्त्रीय पाया दोन टप्प्यांत घातला गेला. जर्मन अभियंता यान्सेन याने १८९५ मध्ये धान्यावरील प्रयोगांच्या आधारे असे दाखवले की, उंच कोठारात धान्याच्या वजनाचा मोठा वाटा घर्षणामुळे भिंतीच उचलतात आणि त्यामुळे काही खोलीनंतर तळावरील दाब वाढायचा जवळजवळ थांबतो. त्यानंतर जन्माने पोलिश असलेल्या अँड्र्यू जेनिके या अभियंत्याने अमेरिकेतील युटा विद्यापीठात प्रदीर्घ संशोधन करून १९६४ मध्ये साठवण व प्रवाहावरील आपली प्रसिद्ध पुस्तिका काढली आणि मालाची बळकटी मोजून त्यावरून हॉपरचा उतार व तोंडाची रुंदी काढण्याची रीत घालून दिली. ही रीत आज सहा दशकांनंतरही जगभर प्रमाण मानली जाते, आणि तरीही लहान व मध्यम कारखान्यांतील असंख्य हॉपर शेजारच्या कारखान्यातील हॉपर पाहून बनवले जातात, ही या क्षेत्रातील खेदाची गोष्ट आहे.

जेनिकेच्या मांडणीत प्रवाहाचे दोन प्रकार मानले जातात. खालून माल काढताना आतला सर्व माल, भिंतीलगतचासुद्धा, एकाच वेळी सरकू लागला, तर त्याला ‘समग्र प्रवाह’ म्हणता येईल. फक्त मधला गाभा वाहिला आणि भिंतीलगतचा माल स्थिर राहिला, तर तो ‘गाभा-प्रवाह’ होय. समग्र प्रवाहात आधी भरलेला माल आधी बाहेर पडतो, बीळ पडत नाही आणि जाड-बारीक कण बऱ्याच अंशी पुन्हा एकत्र होतात. गाभा-प्रवाहात सर्वांत शेवटी भरलेला माल आधी निघतो, भिंतीलगतचा माल महिनोन्महिने तसाच राहून बेसन किंवा मैद्याच्या बाबतीत त्यात कीड पडते, आणि पशुखाद्यासारख्या मिश्रणात जाड कण कडेला, बारीक कण मध्यभागी अशी विभागणी होऊन पहिल्या आणि शेवटच्या पोत्यांतील घटकांचे प्रमाण जुळत नाही. खडी किंवा वाळलेले टपोरे धान्य यांसारख्या मोकळ्या, न बिघडणाऱ्या मालासाठी गाभा-प्रवाह चालतो आणि त्यात उंचीही वाचते. परंतु बारीक, ओलसर, चिकट किंवा नाशवंत मालासाठी समग्र प्रवाहाचाच आग्रह धरावा.

कोणता माल कोणत्या वर्गातला, हे ठरवण्याची प्राथमिक चाचणी कारखान्यातच करता येते. मोजपात्रात माल हलकेच ओतून त्याची सैल घनता काढावी, मग ते पात्र ठरावीक वेळा आपटून दबलेली घनता काढावी, आणि दोहोंतील फरकाला दबलेल्या घनतेने भागून शंभराने गुणावे. या आकड्याला कार निर्देशांक म्हणतात. समजा सैल घनता दर लिटरला ५०० ग्रॅम आणि दबलेली ६८० ग्रॅम आली, तर निर्देशांक सुमारे २६ येतो. १५ पर्यंतचा आकडा चांगल्या प्रवाहाचा मानला जातो आणि २५ च्या पुढील आकडा अडचणीची सूचना देतो. खळ्यावरील धान्याच्या राशीप्रमाणे भुकटीची रास करून तिचा जमिनीशी होणारा कोनही मोजावा. तो ३५ अंशांपर्यंत असेल तर माल मोकळा असतो आणि ४५ अंशांच्या पुढे गेला तर त्याला ढवळण्याची किंवा हलवण्याची गरज पडेल असे समजावे. राशीचा हा कोनच हॉपरच्या भिंतीचा उतार म्हणून धरण्याची सार्वत्रिक चूक मात्र कटाक्षाने टाळावी, कारण हा कोन मालावर माल कसा घसरतो एवढेच सांगतो, पत्र्यावर माल कसा घसरेल ते सांगत नाही.

रचनेसाठी लागणारे आकडे कर्तन-चाचणीतूनच मिळतात. या चाचणीत भुकटीचा नमुना ठरावीक भाराखाली दाबून मग आडवा सरकवला जातो आणि तो फुटायला किती बळ लागते, हे मोजले जाते. दाबाचा आणि दाबल्यामुळे आलेल्या बळकटीचा भागाकार १० च्या वर असेल तर माल मोकळा, ४ ते १० असेल तर सहज वाहणारा, २ ते ४ असेल तर चिकट आणि २ च्या खाली असेल तर अतिशय चिकट मानतात. प्रयोगशाळेला नमुना पाठवताना तीन गोष्टींची काळजी घ्यावी. नमुना हॉपरमध्ये जाईल त्याच ओलाव्याचा आणि बारीकपणाचा असावा. भिंतीवरील घर्षण मोजण्यासाठी प्रत्यक्ष वापरायच्या पत्र्याचा तुकडा सोबत द्यावा, कारण गंजलेल्या लोखंडी पत्र्यावर आणि गुळगुळीत स्टेनलेस स्टीलवर एकच पूड पूर्णपणे वेगळी वागते. तिसरी गोष्ट बहुधा विसरली जाते : माल किती वेळ स्थिर राहणार आहे, हे प्रयोगशाळेला सांगावे. साप्ताहिक सुट्टीत किंवा दिवाळीच्या बंदमध्ये हॉपर भरलेला राहणार असेल, तर तितक्या तासांच्या विश्रांतीनंतरची बळकटी मोजून घ्यावी, कारण चालू पाळीत सुरळीत वाहणारा माल सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी अडकतो तो याच कारणाने.

या आकड्यांवरून तोंडाची रुंदी कशी निघते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. तोंडाजवळच्या दाबाखाली मालाची बळकटी १ किलोपास्कल आणि घनता दर घनमीटरला ६०० किलो आहे असे धरले, तर शंकूच्या आकाराच्या हॉपरला कमान न होण्यासाठी सुमारे ३७ सेंटिमीटर व्यासाचे तोंड लागते, तर लांबट फटीसारख्या तोंडाला साधारण निम्मी, म्हणजे १९ सेंटिमीटरच्या आसपास रुंदी पुरते. प्रत्यक्षात हाताशी २०० मिलिमीटरचा व्हॉल्व्ह आहे म्हणून हॉपरचे तोंडही तेवढेच ठेवले जाते आणि पुढची वीस वर्षे हातोडा चालतो. खडीसारख्या जाड मालात बळकटीचा प्रश्न नसला, तरी कण एकमेकांत अडकतात. तेथे गोल तोंडाचा व्यास सर्वांत मोठ्या कणाच्या सहा ते आठ पट आणि फटीची रुंदी तीन ते चार पट असावी.

उताराच्या बाबतीत चौकोनी पिरॅमिडसारख्या हॉपरपासून विशेष सावध राहावे, कारण तो बनवायला सोपा आणि वापरायला कठीण असतो. त्याच्या चारही भिंती आडव्या पातळीशी ६० अंशांनी उभ्या असल्या, तरी दोन भिंती जुळतात त्या कोपऱ्याच्या पन्हळीचा उतार केवळ ५१ अंशांच्या जवळपास भरतो. माल त्या पन्हळीत बसतो, तेथून तो थराथराने वाढतो आणि शेवटी संपूर्ण हॉपर गाभा-प्रवाहावर येतो. चौकोनी हॉपर टाळता येत नसेल, तर उतार कोपऱ्याचा मोजावा, भिंतीचा नव्हे, आणि कोपरे आतून गोलावून घ्यावेत. उंची कमी असेल तेथे पाचरीच्या आकाराचा, लांबट तोंडाचा हॉपर अधिक योग्य ठरतो, कारण समग्र प्रवाहासाठी त्याच्या भिंती शंकूपेक्षा सुमारे दहा अंशांनी कमी उभ्या असल्या तरी चालते.

हॉपर योग्य असूनही खालचे काढणीयंत्र, म्हणजे फीडर, चुकीचे असेल तर सर्व श्रम वाया जातात. फीडरने तोंडाच्या सर्व भागातून माल सारखा काढला पाहिजे, आणि महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हे तत्त्व पाभरीवरून परिचित आहे : चाडे हा पेरणीचा छोटा हॉपरच होय, आणि चाड्यावरची मूठ सर्व नळ्यांत सारखे बी सोडते म्हणूनच पेरणी एकसारखी होते. लांबट तोंडाखाली सर्वत्र सारख्या अंतराच्या पात्यांचा स्क्रू बसवला, तर त्याचे पहिले एक-दोन आटे मागच्या टोकालाच भरून जातात, पुढच्या मालाला आत शिरायला जागा राहत नाही, आणि लांब तोंडाचा केवळ मागचा वीतभर भाग वाहतो. म्हणून पात्यांमधील अंतर मालाच्या वाटेवर पुढेपुढे वाढत जाणारा स्क्रू मागवावा, आणि पुरवठादार ‘प्रमाणित’ स्क्रू स्वस्तात देत असेल तरी तो नाकारावा. हॉपर व फीडर एकाच रचनेचे दोन भाग असल्याने त्यांची खरेदी दोन वेगळ्या निविदांनी करणे मुळातच अनुचित आहे.

कंपनयंत्र, म्हणजे व्हायब्रेटर, हा या सर्वांवरचा झटपट उपाय समजला जातो. तो तोंड उघडे असतानाच चालवावा. तोंड बंद असताना चालवला, तर धान्य मापताना माप आपटून ठासून भरावे तसा माल अधिक घट्ट बसतो. तसेच ट्रक भरण्याच्या सोयीसाठी उभ्या सायलोच्या बाजूला मागाहून तोंड पाडण्याचा मोह आवरावा. एका बाजूने माल काढला की त्या बाजूच्या भिंतीवरील दाब उतरतो आणि समोरचा तसाच राहतो, गोल पत्रा लंबगोल होऊ लागतो आणि पातळ पत्र्याचा सायलो चिरडून बसतो; सायलो कोसळण्याच्या ज्ञात कारणांत एकांगी काढणीचे स्थान वरचे आहे.

हवामानाचाही विचार रचनेतच व्हावा. साध्या मिठाच्या बाबतीत हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतील पाणी ओढू लागते, आणि कोकणात पावसाळ्याचे महिने बहुतांशी त्या रेषेच्या वरच जातात. नंतर हवा कोरडी झाली की विरघळलेले मीठ कणांच्या सांध्यांत पुन्हा स्फटिकरूपाने जमते आणि ढेकूळ होते. साखरेचे ढेकूळही याच मार्गाने बनते. अशा मालाच्या हॉपरला कोरड्या हवेचा पुरवठा आणि बाहेरून उष्णतारोधक आवरण हे खर्च चैनीचे मानू नयेत.

ढेकळाचा प्रश्न केवळ उत्पादन थांबण्यापुरता नाही, हे अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील पोर्ट वेंटवर्थ येथील साखर शुद्धीकरण कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी झालेल्या दुर्घटनेने दाखवून दिले. तेथील सायलोखालून साखर वाहून नेणारा पट्टा आदल्या वर्षी पत्र्याने बंदिस्त करण्यात आला होता. सायलोच्या निर्गमनाशी साखरेची ढेकळे अडकली की साखर पट्ट्यावरून त्या बंद जागेत सांडे आणि हवेत साखरेची धूळ साचत जाई. तापलेल्या बेअरिंगने ती पेटली असावी, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. पहिल्या स्फोटाच्या धक्क्याने इमारतींतील तुळया, छत आणि यंत्रांवर साचलेली धूळ उडाली आणि तिचे एकामागून एक स्फोट होत गेले. १४ कामगार मृत्युमुखी पडले आणि ३६ जखमी झाले. माल अडकणे आणि स्फोट होणे या दोन बाबी कारखान्यात दोन वेगळ्या विभागांकडे सोपवलेल्या असतात, परंतु येथे पहिलीतून दुसरी थेट उद्भवली.

जळू शकणारी बारीक धूळ, प्राणवायू, ठिणगी किंवा उष्णता, धुळीचे हवेत उधळणे आणि बंदिस्त जागा हे पाच घटक एकत्र आले की धुळीचा स्फोट होतो. सिमेंट, चुना व फ्लाय ॲश जळत नाहीत. परंतु पिठीसाखर, मैदा, बेसन, स्टार्च, दूधपूड, हळद व मिरचीपूड, लाकडाचा भुसा, गंधक आणि ॲल्युमिनियमची पूड यांच्या बाबतीत धोका वास्तविक आहे, आणि साखर, हळद व डाळींचे कारखाने गावोगावी असलेल्या महाराष्ट्राला तो परका नाही. मोठ्या क्षेत्रावर साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा थर साचणे धोक्याचे मानले जाते. तुळईवर बोटाने रेघ ओढल्यावर खालचा रंग झाकलेला आढळला, तर सफाईची वेळ उलटून गेली असे समजावे. सफाई दाबाच्या हवेने फुंकून कधीही करू नये, कारण त्याने थराचा ढग होतो. स्फोटक धुळीसाठी बनवलेला व्हॅक्यूमच वापरावा. धातूचे नळ, हॉपर व फिल्टर जमिनीशी विद्युतदृष्ट्या जोडलेले असावेत, आणि विद्युतवाहक धाग्यांच्या ‘सी’ प्रकारच्या जंबो बॅगा भरताना व रिकाम्या करताना त्या अर्थिंगला जोडल्याशिवाय काम सुरू करू नये. हवेच्या नळीतून माल नेण्याच्या पद्धतीतही हाच नियम लागू असून तेथे प्लास्टिकचे नळ बसवून पैसे वाचवणे घातक आहे.

सर्वांत कठोर नियम मात्र माणसाने आत उतरण्यासंबंधी असावा. सांगलीजवळील हरिपूर येथे हळद साठवण्यासाठी जमिनीत खणलेली पेवे प्रसिद्ध आहेत. पेवाचे तोंड उघडल्यावर आतली कोंडलेली हवा बाहेर पडू दिल्याशिवाय कोणी खाली उतरू नये, ही जुनी शिस्त आहे आणि तिचे कारण शास्त्रीय आहे, कारण बंद जागेतील धान्य किंवा कंद प्राणवायू वापरतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. आधुनिक सायलोत हीच शिस्त मापकाने पाळावी : हवेत २०.९ टक्के असणारा प्राणवायू आत १९.५ टक्क्यांहून कमी आढळला, तर प्रवेश बंद समजावा. प्राणवायू आहे की नाही हे आत जळता दिवा सोडून पाहण्याची रीत जळणाऱ्या धुळीच्या सायलोत अर्थातच वर्ज्य आहे. भारतात १९४८ च्या कारखाना अधिनियमाने बंदिस्त जागेतील प्रवेशासाठी ३६ वे आणि स्फोटक धुळीसाठी ३७ वे कलम राखून ठेवले होते, यावरून या दोन धोक्यांचे गांभीर्य शासनाच्या किती आधीपासून लक्षात आले होते ते दिसते.

प्राणवायू पुरेसा असला, तरी अडकलेल्या मालावर उभे राहून तो काठीने पाडणे हा मृत्यूचा मार्ग आहे; कमान किंवा बिळाचा कडा ढासळताच माणूस मालासोबत खेचला जातो, गुडघ्यांपर्यंत रुतल्यावर त्याला स्वतःहून पाय काढता येत नाही आणि काही सेकंदांत तो पूर्ण गाडला जातो. म्हणून आत कोणी असताना खालचा फीडर कुलूपबंद असावा, उतरणाऱ्याच्या अंगावर बाहेर बांधलेला पट्टा असावा, तोंडाशी दुसरा माणूस सतत उभा असावा, आणि लेखी परवान्याशिवाय प्रवेश नसावा. बाहेरून हाताळता येतील अशी झाकणबंद भोके हॉपरच्या उतारावर आधीच ठेवली, तर आत उतरण्याचे बहुतेक प्रसंगच टळतात.

ज्या कारखान्याला नवीन हॉपर बनवायचा आहे, त्याने पत्र्याची मागणी नोंदवण्यापूर्वी मालाचा नमुना कर्तन-चाचणीसाठी पाठवावा. ज्या कारखान्यात जुना हॉपर रोज ठोकला जातो, तेथील व्यवस्थापकाने या आठवड्यात शिडी चढून वणांची जागा व उंची खडूने आखून घ्यावी, कारण ते वण बहुधा कमान नेमकी जेथे धरते तेथेच सापडतात, आणि तोंड किती रुंद करावे किंवा अस्तर कोठून लावावे याचे पहिले उत्तर त्या खडूच्या रेषेवर मिळते.